कटाना : परक्या हाताने घडलेली तलवार

मोटारसायकलींच्या नावांचे माझ्या मनात फार दिवसांपासून दोन ढीग पडलेले आहेत. पहिल्या ढिगात कारखान्याच्या नोंदवहीतून उठून थेट रस्त्यावर आलेली नावे आहेत. होंडाची सीबी ७५०, कावासाकीची झेड १, यामाहाची एक्सएस ११००, सुझुकीची जीएस १००० ही सगळी त्यातलीच. दोन-तीन अक्षरे, त्यांच्यामागे बहुतेकदा इंजिनाचे आकारमान, आणि बारसे संपले. दुसऱ्या ढिगात हाका मारण्यासाठी ठेवलेली नावे आहेत, उदाहरणार्थ ट्रायम्फची बोनव्हिल, नॉर्टनची कमांडो किंवा बीएसएची लाइटनिंग. १९७०च्या दशकात जपानी कंपन्यांचा कल पहिल्या ढिगाकडे होता आणि ब्रिटिशांचा दुसऱ्याकडे. ते दशक संपता संपता देखण्या नावांचे बहुतेक ब्रिटिश कारखाने बंद पडले होते किंवा बंद पडण्याच्या बेतात होते, आणि आकड्यांच्या गाड्या जगभर धावत होत्या. नावाने गाडी विकली जात नाही, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर त्याला विरोध करणे अवघड गेले असते.

सुझुकीची जीएसएक्स ११००एस ही गाडी या दोन्ही ढिगांत बसते. कागदोपत्री ती आकड्यांची आहे. परंतु सीटखालच्या पॅनेलवर तिचे दुसरे नाव आहे, आणि जगाने तिला त्याच नावाने ओळखले, ते म्हणजे कटाना. जपानी सामुरायांची एकधारी, किंचित वळलेली तलवार ती कटाना. गाडी जपानी, कंपनी जपानी, नाव तर इतके जपानी की त्याला स्पष्टीकरणाची गरज नाही. पण जिच्यामुळे हे नाव तिला शोभले ती रेघ जपानमध्ये काढली गेली नव्हती. ती जर्मनीत काढली गेली, आणि तलवारीची कल्पनाही तिथल्याच कागदांवरून आली. हे कळल्यापासून या गाडीविषयीचे माझे कुतूहल कमी झालेले नाही. मी ती कधी चालवलेली नाही, हे इथेच सांगून टाकतो. माझे नाते फक्त तिच्या आकाराशी आणि नावाशी आहे.

हा आकार कोणत्या परिस्थितीत जन्मला, हे आधी पाहायला हवे. १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५० आणली आणि मोठी मोटारसायकल कशी असावी याचा साचाच घालून दिला. आडवे मांडलेले चार सिलिंडर, वर थेंबाच्या आकाराची टाकी, पुढे गोल दिवा, मागे सपाट लांब सीट, आणि दोन स्वतंत्र गोल घड्याळांसारखे वेगमापक व फेरेमापक. पुढच्या दहा वर्षांत कावासाकी, सुझुकी आणि यामाहा या तिन्ही कंपन्यांनी आपापल्या परीने याच साच्यात गाड्या ओतल्या. त्या उत्तम होत्या. तेल गळत नसे, बटण दाबताच इंजिन सुरू होई, हजारो किलोमीटर कुरकुर नसे. पण टाकीवरची अक्षरे झाकली तर कोणती गाडी कोणाची हे सांगताना जाणकारालाही क्षणभर थांबावे लागे. यंत्र सिद्ध झाले होते, पण त्याला स्वतःचा चेहरा नव्हता.

सुझुकीची अडचण थोडी अधिक होती. १९७४ मध्ये या कंपनीने आरई५ ही फिरत्या पिस्टनच्या व्हँकेल इंजिनाची गाडी बाजारात आणली होती, आणि तिच्या रूपासाठी इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांची मदत घेतली होती. त्या गाडीवरचे मापक एका आडव्या नळकांड्यात बसवलेले होते. गाडी विकली गेली नाही, आणि १९७६ नंतर तिचे उत्पादन थांबले. धाडसी यंत्र आणि धाडसी रूप एकाच वेळी बाजारात आणले की लोक कशाला भ्याले तेच कळत नाही. त्यानंतर सुझुकी सरळ वाटेला लागली. १९७८ ची जीएस १००० आणि तिच्यामागोमाग आलेली प्रत्येक सिलिंडरला चार झडपांची जीएसएक्स ११०० या दोन गाड्यांच्या इंजिनाविषयी कोणाची तक्रार नव्हती. पण जीएसएक्स ११०० दिसायला जड होती. चौकोनी दिवा, ठोकळेबाज टाकी, आणि तिच्या अंगातल्या ताकदीचा पत्ता न लागू देणारे बाह्यरूप. युरोपातील, विशेषतः जर्मनीतील ग्राहकाला वेगवान गाडी वेगवान दिसलेलीही हवी होती.

आता जर्मनीकडे. हान्स मूट हे आधी फोर्ड कंपनीच्या कोलोन येथील विभागात आणि नंतर बीएमडब्ल्यूमध्ये काम केलेले रचनाकार. १९७३ ची आर ९०एस ही त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी. धुरकट रंगछटेची टाकी आणि हँडलासमोरचे लहान आवरण यांमुळे तोवर प्रौढ गृहस्थांची समजली जाणारी बीएमडब्ल्यू एकाएकी तरुण झाली. १९७६ ची आर १००आरएस त्याहून पुढे गेली. पिनिनफारिना या इटालियन रचनासंस्थेच्या वायुबोगद्यात तपासून घडवलेले पूर्ण आवरण कारखान्यातूनच बसवून आलेली ती पहिली मोठी गाडी मानली जाते. म्हणजे चालकाच्या अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा विचार आणि बघणाऱ्याच्या डोळ्याचा विचार एकाच रेषेत कसा करायचा, याचा सराव मूट यांना या कामात झालेला होता. १९७९ मध्ये यान फेलस्ट्रोम आणि हान्स-गेऑर्ग कास्टन यांच्यासह त्यांनी टार्गेट डिझाइन ही संस्था काढली. कटानाचे श्रेय बहुतेक ठिकाणी एकट्या मूट यांच्या खात्यावर जमा होते. वस्तुतः काम तिघांचे होते, आणि कल्पना कागदावर उतरवण्यात फेलस्ट्रोम यांचा वाटा मोठा होता. यंत्रांच्या इतिहासात असे नेहमीच होते. एक नाव लक्षात ठेवणे सोपे असते.

त्याच सुमारास 'मोटोराड' या जर्मन नियतकालिकाने काही रचनासंस्थांना भविष्यातील मोटारसायकल कशी असेल ते दाखवण्याचे आवाहन केले होते. टार्गेटने त्यासाठी एमव्ही अगुस्ता या इटालियन गाडीचा आधार घेऊन एक प्रतिकृती केली. तिची छायाचित्रे पाहिली की पुढे जे घडले त्याचे सगळे बीज तिथे दिसते. टाकी, सीट आणि पुढचे आवरण हे तीन सुटे भाग न राहता एकाच वस्तूचे तीन अवयव झालेले आहेत, आणि पुढच्या चाकावर झुकलेले नाक त्या सगळ्यांना दिशा देते आहे. ही प्रतिकृती सुझुकीच्या जर्मनीतील मंडळींच्या नजरेत भरली. आकार इटालियन गाडीसाठी कल्पिलेला, कल्पना जर्मनांची, आणि ती अखेर जपानी इंजिनावर चढणार होती.

सुझुकीने टार्गेटला दोन गाड्यांचे काम दिले. त्यांची कामचलाऊ नावे ईडी-१ आणि ईडी-२ अशी होती, म्हणजे युरोपीय रचना क्रमांक एक आणि दोन, पुन्हा नोंदवहीच. पहिली ६५० सीसीची होती आणि दुसरी ११०० सीसीची. सप्टेंबर १९८० मध्ये कोलोनच्या मोटारसायकल प्रदर्शनात ११०० चा नमुना मांडण्यात आला. गर्दी झाली आणि गर्दीत सरळ दोन तट पडले; काहींना ती गाडी भविष्यातून आल्यासारखी वाटली, तर काहींना निव्वळ विचित्र. जपानी पत्रकारांनी त्या घटनेला 'कोलोनचा धक्का' असे नाव दिले, आणि ते त्यांच्या मोटारसायकल-वाङ्मयात कायमचे रुजले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की धक्का बसल्याची नोंद जपानने केली. आपलेच यंत्र आपल्यालाच ओळखू न यावे, असा तो प्रसंग होता.

त्या आकाराकडे सावकाश पाहण्यासारखे खूप आहे. मी एकदा बाजूने घेतलेल्या छायाचित्रावर पातळ कागद ठेवून तिची बाह्यरेषा गिरवून पाहिली. हा उद्योग मी इतर गाड्यांबाबतही करतो, आणि बहुतेक वेळा पेन्सिल चार-पाच ठिकाणी उचलावी लागते, कारण दिवा एक वस्तू असतो, टाकी दुसरी, सीट तिसरी. कटानाच्या बाबतीत पेन्सिल चौकोनी दिव्याच्या वरच्या कडेपासून निघते, नाकाच्या टोकाला स्पर्श करून मागे वळते, आवरणाच्या कडेने टाकीवर चढते, टाकीच्या माथ्यावरून उतरत जाते, आणि सीटच्या खोबणीत शिरून शेपटाकडे निघून जाते. एवढ्या प्रवासात ती उचलावी लागत नाही. टाकीच्या बगलेवर आणखी एक कड आहे, जी प्रकाशाला दोन भागांत कापते; तिच्या वर चंदेरी पत्रा उजळतो आणि खाली अंधारतो. रंग चंदेरीच ठेवला होता, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. लाल किंवा निळ्या रंगाने ती कड बुजली असती. तिला धातूसारखाच रंग हवा होता.

तपशीलही याच शिस्तीतले आहेत. वेगमापक आणि फेरेमापक एकमेकांत सरकलेले, एकाच डब्यात बसवलेले. चोकची गोल खुंटी टाकीखालच्या डाव्या पॅनेलवर, जणू एखाद्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची. सीट दोन रंगांची आणि पायरीची, चालकाला टाकीमागच्या खोबणीत बसवून टाकणारी. हँडलाचे दोन तुकडे खाली, पुढच्या काट्याला चिकटलेले, त्यामुळे चालकाला लांबलचक टाकीवर वाकावेच लागते. नमुना प्रत्यक्ष उत्पादनात उतरताना त्याच्या आवरणावर लहानशी काच आली. प्रदर्शनातला नमुना आणि दुकानातली गाडी यांत साधारणतः हत्ती-घोड्याचे अंतर असते. इथे ते इतके कमी राहिले, याचे श्रेय मात्र निःसंशय सुझुकीच्या अभियंत्यांना द्यायला हवे. ज्यांना ती रेघ सुचली नव्हती त्यांनी ती जपली, आणि असा विनय फार कमी कारखान्यांत सापडतो.

हिच्यात तलवारीसारखे नेमके काय आहे? वरवर पाहता काहीच नाही. तलवार अरुंद असते, ही गाडी रुंद आहे. तलवार हलकी असते, ही इंधनाशिवायही २३२ किलोची आहे. पण जपानी तलवारीची घडण समजून घेतली की साम्य आकारापेक्षा पद्धतीत आहे असे वाटू लागते. त्या तलवारीचे पोलाद लोहवाळू आणि कोळसा यांपासून मातीच्या भट्टीत तयार होते. लोहार ते पुन्हा पुन्हा घडी घालून ठोकतो, पाते लांबवतो, आणि पाणी देण्याआधी त्यावर मातीचा लेप लावतो. पाठीवर जाड, धारेवर पातळ. तापलेले पाते पाण्यात गेले की धार झटकन थंड होऊन अतिशय कठीण होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. कठीण होताना धारेचा भाग किंचित फुगतो आणि पाते पाठीच्या बाजूला वाकते. तो प्रसिद्ध बाक बराचसा या क्षणी पात्याला स्वतःहून येतो. लोहार त्याचा अंदाज बांधू शकतो, पूर्ण हुकूम देऊ शकत नाही. पात्याच्या बगलेवर धारेला जवळजवळ समांतर जाणारी उभार कड असते, आणि तिच्यामुळे पाते दोन पातळ्यांत विभागले जाते. चंदेरी टाकीवरची ती प्रकाश कापणारी कड मला आठवते ती याच ठिकाणी. टार्गेटच्या रचनाकारांनी तलवारीचे चित्र काढले नाही. तिच्या दोन पातळ्या आणि एकच अखंड ओघ, एवढेच उचलले. कोणी टाकीवर मूठ किंवा म्यानाची नक्षी काढली असती तर गाडी तमाशातली झाली असती.

मात्र एका ठिकाणी ही तुलना थांबते. तलवारीचा बाक प्रक्रियेतून येतो, तर गाडीची रेघ कागदावर ठरली आणि मग पत्र्याला तिच्यापुढे वाकावे लागले. इंजिन, चौकट, चाके हे सारे बव्हंशी आधीच्या जीएसएक्सचेच होते. १०७५ सीसीचे, सोळा झडपांचे, १११ अश्वशक्तीचे इंजिन. पुढे १९ इंचांचे चाक आणि मागे १७ इंचांचे. जोरात ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली बुडू नये म्हणून पुढच्या काट्यांना जोडलेली खास यंत्रणा. १९८१ मध्ये विक्रीला आली तेव्हा जगातील सर्वांत वेगवान गाड्यांत तिची गणना झाली, आणि ११०० सीसीची गाडी शर्यतीच्या नियमांत बसत नसल्याने काही देशांसाठी तिची १००० सीसीची आवृत्तीही काढण्यात आली. पण वळणावर तिचे वजन जाणवत असे, शहरात मनगटे दुखत असत, आणि रूपाने जे वचन दिले होते ते चौकटीने पूर्णपणे पाळले नाही असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. माझ्या मते ते खरे आहे, आणि त्याने तिच्या रूपाचे मोल कमी होत नाही. नवे रूप जुन्या हाडांवर चढवूनच ते इतक्या लवकर रस्त्यावर येऊ शकले. आरई५ने शिकवलेला धडा इथे उपयोगी पडला असावा.

आता नावाकडे. सीटखालच्या पॅनेलवर रोमन अक्षरांतील नावाबरोबर तलवारीसाठीचे जपानी चित्राक्षर होते, अवघ्या दोन फटकाऱ्यांत लिहिले जाणारे. निर्यातीच्या गाडीवर चित्राक्षर मिरवणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. युद्धानंतरची तीन दशके जपानी कारखानदारांनी परदेशी बाजारात आपला जपानीपणा शक्यतो सौम्य ठेवला होता. गुणवत्ता पुढे, देश मागे. त्यात तलवार हे तर सरळ युद्धाचे चिन्ह. सुझुकीच्या हमामात्सु येथील मुख्यालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याने आपणहून हे नाव सुचवले असते का, याची मला शंका वाटते. जर्मन रचनाकाराला ते ओझे नव्हते. त्याला तलवारीत दिसली ती कारागिरी, आणि जे घरच्यांना अवघड वाटले असते ते त्याने सहज म्हणून टाकले. बाहेरच्या माणसाची नजर उथळ असते असे आपण मानतो, आणि अनेकदा ती तशी असतेही. परंतु घरात ज्या वस्तूकडे पाहणेच थांबलेले असते तिच्याकडे पाहण्याची मुभा फक्त त्यालाच असते.

या नावाने पुढे जपानमध्ये जे घडवले ते कोणी रचून सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. त्या वेळी जपानी कंपन्यांनी देशांतर्गत विक्रीसाठी ७५० सीसीची मर्यादा स्वतःहून पाळलेली होती. त्यामुळे ११०० ची कटाना जपानमध्ये बनत होती, पण तिथल्या दुकानात मिळत नव्हती. १९८२ मध्ये देशी ग्राहकांसाठी जीएसएक्स ७५०एस आली, आणि तिच्यात नियमांपायी दोन बदल झाले. पुढची काच गेली, आणि खाली दडलेल्या हँडलाच्या जागी उंच, मागे वळलेले हँडल आले. ज्या रेषेसाठी सारा खटाटोप झाला होता तिच्या ऐन मध्यावर एक नळी उभी राहिली. लोकांनी त्या हँडलाला तत्काळ नाव दिले, 'नांगरणी यंत्राचे हँडल'. शेतात माती भुसभुशीत करणारे, दोन हातांनी धरून मागून ढकलायचे ते यंत्र.

साहजिकच अनेकांनी निर्यातीच्या गाडीचे खालचे हँडल मिळवून बसवले. हा बेकायदा बदल होता, आणि वाहतूक पोलीस अशा गाड्या थांबवून दंड करू लागले. या मोहिमेला चालकांनी जे नाव दिले ते चारशे वर्षांपूर्वीचे होते, 'तलवारींची शिकार'. १५८८ मध्ये जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडील सर्व शस्त्रे जप्त करण्याचा हुकूम काढला होता, आणि गोळा झालेले लोखंड क्योतो येथील महाबुद्धाच्या बांधकामात खिळ्यांसाठी वापरले जाईल, म्हणजे शेतकऱ्यांना पुण्यही लागेल, असे त्यात गोडीने सांगितले होते. हेतू सरळ होता. शेतकऱ्याने शेती करावी, हातात तलवार नको, अवजार पुरे. १९८२ नंतरच्या जपानी रस्त्यावर हा हुकूम अक्षरशः पुन्हा वाचला गेल्यासारखे झाले, कारण सरकारी नियमाने चालकाच्या हातात शेतीच्या यंत्राचे हँडल दिले होते आणि पोलीस त्याच्याकडून तलवार काढून घेत होते. दोन्ही टोपणनावे स्वतंत्रपणे जन्मली, पण एकत्र ठेवली की पूर्ण इतिहास सांगतात. या गाडीचे नाव आकड्यांतच राहिले असते तर हा विनोद शक्य नव्हता. मूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तलवारीकडे कारागिरी म्हणून पाहिले होते; जपानी चालकाने त्याच नावात सत्तेशी जुने भांडण वाचले. नाव ज्याने ठेवले त्याच्या मालकीचे ते फार काळ राहत नाही.

काही जणांनी दुसरा मार्ग धरला. परदेशी पाठवलेल्या ११०० च्या गाड्या पुन्हा आयात करून जपानमध्ये आणायच्या, म्हणजे देशात बनलेली वस्तू समुद्र ओलांडून परत विकत घ्यायची. ती मागणी टिकून राहिली, म्हणूनच कंपनीच्या सत्तराव्या वर्षी, १९९० मध्ये, विशेष आवृत्ती निघाली. मर्यादा उठल्यावर १९९४ मध्ये ११०० अखेर देशांतर्गत विकली जाऊ लागली. आणि २००० मध्ये अवघ्या ११०० गाड्यांची अंतिम आवृत्ती काढून उत्पादन थांबवण्यात आले. मधल्या काळात लहान परवान्याच्या चालकांसाठी २५० आणि ४०० सीसीच्या कटानाही आल्या, त्याच रेषेचा धाकटा नमुना म्हणून. जवळजवळ वीस वर्षे एकाच रूपात टिकणे ही त्या शर्यतीच्या काळात, जेव्हा दरवर्षी गाड्यांची कात टाकली जात होती, विलक्षण गोष्ट होती. इंजिन केव्हाच मागे पडले होते. लोक रेघच विकत घेत होते.

सुझुकीला मात्र याची जाण नेहमीच होती असे म्हणता येत नाही. १९८४ मध्ये जीएसएक्स ७५०एसला नवी चौकट आणि उघडझाप करणारा दिवा देण्यात आला. दिवा बंद असताना नाक गुळगुळीत, लावला की डोळा वर येतो. तो प्रयोग घरातला होता आणि चतुर होता, पण जुन्या रेषेशी त्याचे नाते दूरचे. त्याहून विचित्र प्रकार अमेरिकेत झाला. १९८८ पासून जीएसएक्स ६००एफ ही प्लॅस्टिकच्या आवरणात नखशिखांत झाकलेली, गोलगुबरी, रोजच्या वापराची गाडी तिथे कटाना या नावाने विकली गेली. गाडी वाईट नव्हती. पण तिच्यात एकही कड नव्हती. ब्रिटनमध्ये याच गाडीला लोकांनी चहाची किटली म्हटले. अमेरिकेत एक पिढी अशी आहे की जिच्या मनात कटाना म्हणजे ती किटलीच. पुढे युरोपात ५० सीसीची एक स्कूटरही कटाना नावाने फिरली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणतो. सुझुकीने एका तलवारीचे नाव दिसेल त्या म्यानावर कोरले. नाव आणि रेघ एकत्र जन्मल्या असतील तर एकीला दुसरीपासून तोडून विकताना नाव फक्त आवाज होऊन उरतो, आणि आवाजाने स्कूटर थोडी अधिक विकली जाते इतकेच.

जपानी नावांची लाट मात्र या गाडीनंतर आली. कावासाकीच्या जीपीझेड ९००आरला १९८४ मध्ये 'निन्जा' हे नाव मिळाले, तेही कंपनीच्या अमेरिकेतील विक्री विभागाच्या आग्रहाने. पुन्हा बाहेरचीच मंडळी. सुझुकीने स्वतःच्या घरात, स्वतःच्या मनाने, बहिरी ससाण्याचे जपानी नाव आणि त्याचे मोठाले चित्राक्षर गाडीच्या अंगावर मिरवले ते १९९९ मध्ये, हायाबुसाच्या रूपाने. तोवर संकोच संपला होता. हायाबुसाचे नाव मला आवडते, पण तिचा आकार वायुबोगद्याने घडवलेला आहे आणि नाव त्याला नंतर शोधून दिल्यासारखे वाटते. कटानात तसे वाटत नाही.

शेवटी ही रेघ परत आली, आणि आली तीही जुन्याच वाटेने. २०१७ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात 'कटाना ३.०' नावाचा एक नमुना मांडला गेला. तो सुझुकीने केलेला नव्हता. एका इटालियन नियतकालिकाच्या पुढाकाराने, एंजिन्स एंजिनीअरिंग या इटालियन संस्थेने, रोडोल्फो फ्रास्कोली यांच्या रचनेवरून तो घडवला होता. पुन्हा नियतकालिक, पुन्हा युरोपीय रचनाकार, पुन्हा सुझुकीचे तयार इंजिन. कंपनीने तो पाहिला, स्वीकारला, आणि २०१८ मध्ये विक्रीयोग्य रूपात सादर केला तो कोलोनमध्येच. अडतीस वर्षांनी त्याच शहरात. २०१९ पासून ती ९९९ सीसीची गाडी रस्त्यावर आहे.

नव्या गाडीचे नाक चांगले आहे. चौकोनी दिवा आहे, टोक आहे, चंदेरी रंग आहे, आणि नाकापासून टाकीपर्यंत रेघ न तुटता जाते. अडखळते ती टाकीपाशी. जुन्या ११०० ची टाकी २२ लिटरांची होती, आणि तिचे लांब, उतरते पोट हेच त्या रेषेचे मुख्य मैदान होते. नवी टाकी १२ लिटरांची आहे, त्यामुळे रेघ चढते आणि उतरायला जागा मिळण्याआधीच संपते. मागचे शेपूट कापल्यासारखे आखूड आहे, कारण आजच्या गाड्यांचे शेपूट तसेच असते. आणि चालकाच्या पुढ्यात, जिथे खाली दडलेले दोन तुकडे असायला हवे होते, तिथे एक रुंद, उंच हँडल आहे. या वेळी कोणत्याही सरकारने ते लादलेले नाही. आजच्या चालकाला पाठ ताठ ठेवून बसायला आवडते म्हणून कारखान्याने ते आपखुशीने दिले आहे. ते खाली आणणारे सुटे भाग मात्र बाजारात मिळतात, आणि जपानमध्ये ते विकत घेणारे लोक आहेत.